आठ बाय चारचं निफाड : प्रस्तावना

एक एकर जमीन सगळ्या बाजूंनी ८७ पटींनी लहान केली, तर ती ७३ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात मावते. निफाडच्या माणसाला हा हिशेब आधी सांगितला की पुढचं सोपं जातं. बाजारात मिळणारं आठ बाय चार फुटांचं अख्खं प्लाय म्हणजे झाली साडेपाच एकर. बागाईतदार लगेच पुढचं गणित मांडतो: दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच फूट, म्हणजे एकरी ९६८ वेली. आता त्या प्रत्येक वेलीचं खोड, वाय आकाराचे अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, सगळं त्याच मापात करायला बसलात, तर द्राक्षाचा अख्खा हंगाम त्या ७३ सेंटिमीटरांत जाईल आणि रूळ टाकायचे राहूनच जातील. दोन ओळींमधलं अंतर तिथे साडेएकतीस मिलिमीटर असतं, दोन वेलींमधलं साडेसतरा. म्हणून मॉडेल रेल्वे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न सोडवायचा असतो: काय ठेवायचं आणि काय सोडायचं. या पुस्तकातली सगळी प्रकरणं, मग ती रुळांची असोत, रंगांची असोत की वायरींची, त्या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, असलं पुस्तक निफाडात बसून कशाला लिहिलं? निफाड स्टेशन ना टर्मिनस, ना जंक्शन. कल्याण–भुसावळ मार्गावर कसबे सुकेणे आणि उगाव यांच्या मधलं ते एक साधं स्टेशन आहे. पण नवख्याला असंच स्टेशन हवं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत करायला घेतलेला माणूस कमानी मोजता मोजता थकतो आणि छंद सोडून देतो. साध्या स्टेशनात इमारत दोन रविवारांत उभी राहते आणि उरलेला वेळ रेल्वेला मिळतो. आणि रेल्वे इथे भरपूर आहे. मुंबई–कोलकाता या मुख्य मार्गावरची मेल-एक्सप्रेसची वर्दळ, रोज मुंबई गाठणाऱ्यांची पंचवटी, २०२३ च्या अखेरीस मुंबई–जालना अशी सुरू झालेली वंदे भारत, आणि मालगाड्या. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला निघालेली देशातली पहिली किसान रेल याच रुळांवरून गेली. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली या गावात जन्मले तेव्हा देशात प्रवासी रेल्वे सुरू व्हायला अजून अकरा वर्षं होती. थळ घाट खुला झाला १८६५ साली, तेव्हा ते तेविशीला आले होते. इतक्या जुन्या लोहमार्गाच्या काठी राहून आपण खिडकीतून दिसणाऱ्या गाडीऐवजी जर्मनीतली गाडी बनवावी, हे मला पटत नाही. या पुस्तकाचा पक्षपात तो एवढाच, आणि तो आधीच सांगितलेला बरा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल रेल्वेत एखाद्या खऱ्या रेल्वेची, ठरवलेल्या एकाच प्रमाणात, चालती प्रतिकृती करायची असते. रूळ, इंजिन, डबे, स्टेशन, डोंगर, झाडं, माणसं मिळून जी मांडणी होते तिला लेआउट म्हणतात. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्याहून लहान एन, १:१६०. खेळण्यातल्या गाड्यांना पटरीच्या ठरावीक रुंदी मिळाल्या त्या जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीमुळे, १८९१ साली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून गाड्या काढल्या. आज हॅम्बुर्गच्या मिनिआतूर वुंडरलँडमध्ये सोळा किलोमीटरच्या आसपास रूळ अंथरलेले आहेत. ते बघून अंगावर काटा येतो, पण शिकायला मिळतं ते कमी; तिथे पैसा, जागा आणि पगारी माणसं आहेत, आपल्याकडे माळा आहे.

मराठी घराला हे वेड परकं मात्र नाही. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला प्रत्येक जण अर्धा लेआउटकार आहे. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकला की डोंगर होतो, अळीव पेरले की चार दिवसांत गवत उगवतं, निळ्या कागदावर काच ठेवली की तळं. लेआउटचा डोंगर आजही याच पद्धतीने होतो. गोणपाटाऐवजी प्लास्टर लावलेल्या पट्ट्या आणि दगडांऐवजी थर्माकोल, इतकाच फरक. किल्ल्यात एकच गोष्ट आपण कधी पाळली नाही, ती म्हणजे प्रमाण. मावळा महादरवाजापेक्षा उंच आणि वाघ हत्तीएवढा, तरी कोणाची तक्रार नसे. १:८७ मध्ये साडेपाच फुटांचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो आणि त्याला २५ मिलिमीटरचा केला, तर सगळं स्टेशन खोटं वाटू लागतं. हे मान्य करायला किल्ला करणाऱ्या हाताला फार जड जातं.

महाराष्ट्रात हा छंद कुणालाही तिकीट काढून बघता येतो ती जागा म्हणजे पुण्यात कर्वे रस्त्यावरचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी ते उभं केलं. आधी त्यांनी जोडता-सोडता येणारी मांडणी करून १९८० च्या दशकात पुण्यात ती लोकांना दाखवली. दर वेळी उभारायचं, दर वेळी उतरवायचं, यातून कायमच्या जागेचा विचार पक्का झाला आणि १९९८ साली संग्रहालय सुरू झालं. तिथे दिवे मालवून दिवस-रात्र होते, वाफेच्या इंजिनातून धूर निघतो, सिग्नल लाल झाल्यावर गाडी थांबते, शहरात सर्कस आहे, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर आहे. ते शहर कुठल्याही एका खऱ्या गावाचं नाही. एका रसिक माणसाने जगभरच्या रेल्वेतलं जे आवडलं ते एका खोलीत आणून बसवलं, आणि लहान मुलं तिथे काचेला नाक लावून उभी राहतात. ही एक परंपरा झाली आणि तिचा मान मोठाच आहे. मुलाला घेऊन आधी तिथे जाऊन या, मगच हे पुस्तक उघडा, असंही मी सांगेन. माझी वाट वेगळी आहे ती गाडीच्या प्रकारामुळे: इथली गाडी विकत मिळत नाही, किंवा मिळते ती थोडी आणि अवेळी. त्यामुळे ती बघून, मोजून, कापून, चिकटवून करावी लागते.

आणि पहिल्याच पायरीला ठेच लागते, ती पटरीच्या रुंदीची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. युरोप-अमेरिकेतली सर्वसाधारण पटरी १४३५ ची. एचओचा तयार रूळ त्या १४३५ वरून काढलेला, म्हणून त्याची रुंदी १६.५ मिलिमीटर. आपल्या १६७६ ला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही. पण डबा आपला ३.२४५ मीटर रुंदीचा, म्हणजे मॉडेलमध्ये ३७ मिलिमीटरचा, आणि तो साडेसोळाच्या पटरीवर ठेवला की समोरून बघताना अरुंद चाकांवर तरंगल्यासारखा दिसतो. बाजूने बघितलं तर कळतही नाही. म्हणून बहुतेक भारतीय मॉडेलकार तडजोड करतात: अंग १:८७ चं, पटरी बाजारातली, आणि लेआउट कमरेपेक्षा उंच ठेवून बघणाऱ्याची नजर बाजूलाच राहील अशी व्यवस्था. काही हट्टी लोक १९.२ मिलिमीटरची पटरी स्वतः घालतात. एकेक स्लीपर चिकटवायचा, एकेक रूळ डाग देऊन बसवायचा, आणि सांधे करताना देव आठवायचा. तिसरा मार्ग उलटा आहे: पटरी साडेसोळाचीच ठेवून बाकी सगळं १:१०१.६ मध्ये करायचं. हिशेब चोख बसतो, पण मग बाजारातला एकही माणूस, मोटार, बैलगाडी कामाला येत नाही.

या तडजोडीची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. जिथे रेल्वे जन्मली त्या इंग्लंडात ‘डबल ओ’ प्रमाणाच्या गाड्या गेली ऐंशीहून जास्त वर्षं अशाच चुकीच्या पटरीवर धावताहेत: अंग १:७६ चं आणि पटरी तीच साडेसोळाची, म्हणजे हिशेबाने खऱ्या पटरीपेक्षा सुमारे १८० मिलिमीटर अरुंद. त्यावर चिडून तिथल्या चोखंदळांनी १८.८३ मिलिमीटरची पटरी काढली. बाकीच्यांनी गाड्या चालवल्या. दोघांचीही मासिकं आहेत आणि दोघेही एकमेकांना हसतात.

ज्यांना तडजोड अजिबात नको त्यांना मी अरुंद रेल्वेकडे पाठवतो. बार्शी लाइट, पाचोरा–जामनेर, विदर्भातली शकुंतला, या सगळ्या ७६२ मिलिमीटरच्या. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन प्रमाणाचा तयार रूळ असतो बरोबर ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे अशा रीतीने मराठी मॉडेलकाराला जवळजवळ अचूक हाती लागते, आणि तरी ती फारशी कोणी करत नाही याचं मला कोडं आहे. तसंच मनमाडचं. नव्वदच्या दशकात गेज बदलेपर्यंत मनमाडला ब्रॉडगेजच्या शेजारी मीटरगेज उभं असे; मुंबईहून आलेला माणूस इथे उतरून काचीगुड्याकडे जाणाऱ्या अजंता एक्सप्रेसमध्ये बसे, आणि माल एका वॅगनमधून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जाई. दोन रुंदीच्या पटऱ्या, दोन उंचीचे डबे, मधल्या फलाटावर माणसं. मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ परदेशात तयार मिळतो आणि हिशेबाने हवे असतात साडेअकरा. नाशिक जिल्ह्यात याहून चांगला विषय मला दिसत नाही. निफाडचा अभिमान बाजूला ठेवून लिहितो आहे.

लांबीचं दुखणं रुंदीपेक्षा मोठं आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे, तो म्हणजे कात्री. बावीस नव्या एलएचबी डब्यांची गाडी इंजिनासकट साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. मॉडेलमध्ये सव्वासहा मीटर. आपलं प्लाय दोन मीटर चव्वेचाळीस. खऱ्या ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात, मॉडेलमध्ये दोन मीटर. चार फुटांच्या प्लायवर जेमतेम पंचावन्न सेंटिमीटर मिळतात. म्हणून गाडी चार डब्यांची करायची, वळण डोंगरामागे किंवा उसामागे लपवायचं, आणि सरळ भाग तेवढा समोर ठेवायचा. इथे नवखा हमखास एक गोष्ट करतो: जागा आहे म्हणून तीन फेऱ्यांचे रूळ, दोन बोगदे आणि एक पूल कोंबतो. गोदाकाठच्या या सपाट मुलखात बोगदा कुठून आणायचा? चढ हवाच असेल तर कसाऱ्याचा थळ घाट करा, तिथला चढ ३७ ला १ आहे. एका रुळावरून दुसरा न्यायला लागणारी साडेसात सेंटिमीटर उंची गाठायला पावणेतीन मीटर लांबी लागते, म्हणजे आठ बाय चारच्या बाहेरच. निफाड करायचं तर सपाटीची हौस धरावी.

वेगाबद्दल एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. ताशी ११० किलोमीटर म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला ३५ सेंटिमीटर, आणि ताशी ६० ची मालगाडी सेकंदाला १९. स्टॉपवॉच घेऊन एकदा ते बघा. आपण सगळे गाड्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळवतो, आणि पाहुणे आले की चौपट.

आता डिटेलिंग. या पुस्तकाचा निम्मा भाग त्यावर गेला आहे, आणि माझा जीवही तिथेच आहे. तयार डबा हा रंगवलेला प्लास्टिकचा ठोकळा असतो. त्याला गाव, वय आणि काम द्यायचं ते डिटेलिंगने. आधी मापं. त्यासाठी रुळांत उतरायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ त्यासाठी दंड आणि कैद सांगतं, आणि कलम नसतं तरी जीव आहेच. फलाटावरून किंवा फाटकाबाहेरून काटकोनात फोटो घ्यायचा. ज्या वस्तूचं माप पक्कं ठाऊक आहे ती फोटोत असली की बाकीची मापं तिच्यावरून निघतात. दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटर, जुन्या आयसीएफ डब्याची २१.३३७ मीटर लांबी, काँक्रीटच्या स्लीपरची २.७५ मीटर. फाटकाची चौकी, कांद्याची चाळ, फलाटावरची पाण्याची टाकी, सगळं असंच मोजून झालं आहे.

मग खडी. खऱ्या रुळाखाली पन्नास मिलिमीटरच्या आसपासचा काळा दगड असतो. तो १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जरासा मोठा. नदीची वाळू गोल, ती खडी वाटत नाही. क्रशरवरची कच आणून दोन चाळण्यांतून काढली की टोकदार कण मिळतात, आणि तो दगडही तोच, खऱ्या खडीचाच बेसाल्ट. मऊ ब्रशने स्लीपरांच्या मधे ती पसरायची, बोटाने स्लीपरांच्या डोक्यावरचे कण झटकायचे, आणि मगच पाणी: भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्याचा बारीक फवारा. थेंब विसरलात तर फेव्हिकॉल कणांत शिरत नाही, वर मोत्यासारखा बसून राहतो. नंतर निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब सोडायचा. सांध्याच्या पात्यांच्या आसपास हात आवरायचा. तिथे फेव्हिकॉल शिरला की सांधा कायमचा एका बाजूला लागला. दुसऱ्या दिवशी ती खडी हवी त्यापेक्षा काळी दिसते. लहान वस्तूवर उजेड कमी पडल्यासारखा वाटतो, म्हणून मॉडेलमधले सगळे रंग खऱ्यापेक्षा एक छटा फिके ठेवावे लागतात. शेवटी, गाड्या जिथे ब्रेक लावतात त्या फलाटाच्या भागात पातळ तांबूस रंगाचा हात. लोखंडी चाका-ब्रेकांची भुकटी तिथे वर्षानुवर्षं पडत असते.

रुळाचीही उंची असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच, मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरना जरा कमी. स्वस्तात मिळणारा ‘कोड १००’ रूळ अडीच मिलिमीटरचा असतो आणि डब्याखाली भिंतीसारखा दिसतो. ‘कोड ८३’ घ्यावा. वरची वायर साडेपाच मीटर उंचीवर, म्हणजे ६३ मिलिमीटर. तिचे खांब सरळ मार्गावर ७२ मीटरपर्यंत दूर असतात. आठ फुटांत तीन-चार खांब पुरे. मी पाहिलेल्या बऱ्याच लेआउटांत त्यांची रांगच्या रांग लावलेली असते, आणि गाडी दिसेनाशी होते.

डब्याला धूळ लावताना संयम लागतो. इथली धूळ खालून वर चढते: बोगी पूर्ण तपकिरी, खिडकीखालची पट्टी राखाडी, छत उन्हाने विटलेलं. आयसीएफच्या निळ्या डब्याला खिडकीचे गज हवेत, एलएचबीच्या लाल डब्याला काचेवर पावसाचे ओघळ. पानाची पिचकारी अवश्य दाखवा, पण गाडीभर एकच. इंजिनावर शेडचं नाव असतं. भुसावळचं असेल तर ‘बीएसएल’ लिहा, आणि नंबर मनाने देऊ नका, फोटोतला घ्या. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’, म्हणजे सीटी/फाटक. स्टेशनच्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती उंची वाचता येईल इतकी बारीक छापता आली, तर समजा हात बसला.

विजेबद्दल इथे फार लिहीत नाही. दोन प्रकरणं आहेत. दोन्ही रूळ म्हणजेच दोन वायरी, जुन्या पद्धतीत बारा व्होल्ट डीसी, दाब वाढवला की वेग वाढतो. नव्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला आपला पत्ता असतो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालतात. धुळीच्या गावात खरा शत्रू रुळावरचा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा गाडी सोडण्याआधी फिरवायचा. वायरिंगला घाबरणाऱ्यांना एवढंच सांगतो, की अमेरिकेत एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबात लेआउटखाली वाकून रिले जोडणारी मुलंच पुढे पहिल्या संगणकवेड्यांत मोजली गेली.

या भागात हाताला मोजमापाची सवय असलेली माणसं कमी नाहीत. ओझरला विमानांचा कारखाना, नाशिक रोडला रेल्वेचा कर्षण यंत्र कारखाना, मनमाडला पुलांचे गर्डर बनवणारी रेल्वेची कार्यशाळा. मिलिमीटर म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यांना शिकवावं लागतं ते सोडून देणं. पॅसेंजरच्या डब्याखालचे सगळे पाइप करतो म्हणणाऱ्या निवृत्त फिटरला थांबवणं कठीण. बाजूने बघताना दिसतील तेवढे करा, हा हिशेब त्याला अपमान वाटतो. घरातल्या बायका मात्र हे चटकन ओळखतात. चिमट्याने एकेक पान लावून झाड करण्यात मी पाहिलेले सर्वांत चांगले हात रांगोळीवाल्यांचे आहेत, आणि या छंदाला पुरुषांचा म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडून बाभूळ करून घ्यावी.

खर्चाची भीती खरी आहे. परदेशी इंजिन घ्यायला निघालात तर छंद सुरू व्हायच्या आधीच घरात भांडण होईल. म्हणून पुस्तकाचा क्रम मी उलटा ठेवला आहे. आधी गाडीच नको. एक फूट बाय दोन फुटांचा तुकडा, त्यावर हातभर रूळ, फलाटाचं एक टोक, एक पिवळी पाटी आणि द्राक्षाच्या पाच ओळी. त्यानंतर कार्डबोर्डची एक मालवॅगन, मग चाकं. इंजिन सातव्या प्रकरणात येतं, आणि तोवर ज्यांचा उत्साह टिकला त्यांनीच ते वाचावं. पहिलं प्रकरण प्लायच्या खरेदीचं. ते १२ मिलिमीटरचं घ्यावं, खाली दर फुटाला लाकडी पट्टी मारावी. दुकानदार सहाचं चालेल म्हणून सांगतो, पण पहिल्या पावसाळ्यात ते वाकतं आणि सपाट निफाडला घाट येतो.